सातारचे वसतिगृह : झाडू कुणाच्या हातात होता?

श्रमाने विद्यार्थी घडतो, हे विधान दलित वाचकाला सहजासहजी पटत नाही. पटावे तरी का? नुसत्या श्रमाने माणूस घडत असता, तर गावगाड्यात पिढ्यान्‌पिढ्या राबलेला महार-मांग सर्वांत घडलेला ठरला असता. मेलेले ढोर ओढणे, सरकारी टपाल पोचवणे, पाटलाच्या दारची लाकडे फोडणे ही वेठ होती. तिला वतन असे गोंडस नाव होते. ते वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक आणले. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९५८ उजाडले.

म्हणून कर्मवीर भाऊराव पाटलांच्या ‘कमवा आणि शिका’ या प्रयोगाला आपण आपला प्रश्न विचारला पाहिजे. तिथे झाडू कुणाच्या हातात होता?

भाऊराव जन्माने जैन, पिंडाने सत्यशोधक. कोल्हापुरात शिकत असताना अस्पृश्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करायला त्यांनी नकार दिला आणि जैन बोर्डिंगमधून त्यांना बाहेर पडावे लागले. पुढच्या संस्थेची बीजे या नकारात आहेत, असे मला वाटते. १९१९ साली कराडजवळच्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये ती सातारला आली आणि सर्व जातींच्या मुलांचे एकच वसतिगृह सुरू झाले. फेब्रुवारी १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. त्यानंतर महिनाही लोटला नाही तोच, २० मार्चला, महाडला चवदार तळ्याचे पाणी माणसांनी प्याले.

या दोन घटना शेजारी ठेवून वाचाव्यात, कारण सातारा हेच ते गाव, जिथे १९०० साली भीमराव इंग्रजी शाळेत दाखल झाला होता. शाळेत तो गोणपाटावर वेगळा बसे. नळाची तोटी शिपायाने सोडली तरच त्याची तहान भागे. पाव शतकानंतर त्याच गावात महाराची आणि मराठ्याची पोरे एका पंगतीत बसून, पाळीपाळीने स्वतःच रांधलेली भाकरी खाऊ लागली. पाळी मराठ्याच्या पोराचीही येई, इथे वेठ आणि श्रम यांतला फरक आहे. जातीने वाटून दिलेले काम माणसाला खाली दाबते. तेच काम सर्वांच्या वाट्याला आले की जातीचाच आधार सुटतो.

मुलांनी जमीनही कसली. १९४० साली सुरू झालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कूलमध्ये शेतीतले काम करून मुले आपल्या शिक्षणाचा खर्च भागवीत. ज्याच्या बापाच्या नावावर वावभर रान नाही, अशा मुलाने जमीन सपाट करावी, झाडे जगवावीत आणि तिच्या पिकावर त्याचाही हक्क असावा, ही गोष्ट लहान नव्हती. भूमिहीनाला निसर्गप्रेमाचे धडे देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

वसतिगृहातल्या पोरांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रासकट दागिने मोडले. सेवेच्या इतिहासात अशा बायकांना एखादे वाक्यच मिळते, माझ्याही लेखात त्याहून फार मिळालेले नाही.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. गांधी-आंबेडकर कराराच्या स्मरणार्थ १९३२ साली पुण्यात युनियन बोर्डिंग निघाले. ज्या कराराने आपले स्वतंत्र मतदारसंघ गेले, त्याचा उत्सव आपण कशाला करावा? बाबासाहेबांची बहिष्कृत हितकारिणी सभा १९२५ मध्ये सोलापुरात वसतिगृह चालवू लागली होती. तिथला मुलगा कुणाच्या सहानुभूतीचा पाहुणा नव्हता. घर त्याचेच होते. दोन्ही वाटा हव्या होत्या, तरी त्या एक नव्हत्या.

१९३५ च्या सुमारास संस्थेचे अध्यापक विद्यालय निघाले. तिथून तयार झालेले तरुण, जिथे शाळाच नव्हती अशा वाड्यांवर जाऊन व्हॉलंटरी शाळा चालवू लागले. शिकवणे हीच त्यांची सेवा होती.

१९६९ साली राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, तेव्हा सदतीस विद्यापीठांतले चाळीस हजार विद्यार्थी तिच्यात आले. आज गावोगाव तिची शिबिरे भरतात, झाडे लागतात, रस्ते झाडले जातात. शिबिर उठल्यावर सोमवारी त्याच कॉलेजचा संडास कोण साफ करतो आणि त्याचे आडनाव काय, हे शिबिराच्या अहवालात कधी लिहिलेले नसते.