ऑप्सिनचं कूळ: वंश वेगळा, काम वेगळं

प्रकाश ओळखणाऱ्या प्रथिनांचं एक मोठं कूळ आहे, ऑप्सिन. त्याची वंशावळ शास्त्रज्ञांनी कशी लावली, ते आज बघू.

सुरुवात १८७६ ची. बेडकाच्या दृष्टिपटलाचा लालसर-जांभळा रंग उजेडात उडून जातो, हे फ्रान्झ बोल यांनी पाहिलं. पुढे जॉर्ज वॉल्ड यांनी त्या रंगद्रव्याची उकल केली. त्यात दोन भाग असतात: ऑप्सिन हे प्रथिन, आणि अ जीवनसत्त्वापासून बनणारं रेटिनल. उजेड पडला की रेटिनलचा आकार बदलतो आणि प्रथिनाला खबर लागते. १९६७ साली वॉल्ड यांना नोबेल मिळालं. तोवर हिशेब सरळ होता: असं प्रथिन डोळ्यात असतं आणि ते बघण्यासाठी असतं.

१९७१ मध्ये पहिला धक्का बसला. अतिखारट पाण्यातल्या एका सूक्ष्मजीवात रेटिनल धरणारं प्रथिन सापडलं. त्याला डोळा कुठला? ते प्रथिन उजेडावर प्रोटॉन उपसतं आणि पेशीला ऊर्जा मिळवून देतं. घडण तीच, पेशीपटलातून सात वेळा आरपार जाणारी. पण अमिनो आम्लांचा क्रम जुळेना. म्हणून दोन गट पडले: सूक्ष्मजीवांचा आणि प्राण्यांचा.

दुसरा धक्का १९९८ चा. बेडकाच्या कातडीतल्या रंगपेशींत मेलॅनॉप्सिन सापडलं. नाव पडलं ते सापडल्या जागेवरून. क्रम तपासला, तर ते आपल्या दृष्टीच्या ऑप्सिनपेक्षा माशी आणि ऑक्टोपसच्या ऑप्सिनला जवळचं! आणि मग तेच माणसाच्या दृष्टिपटलातही मिळालं. तिथे त्याचं मुख्य काम चित्र बघणं नाही, तर दिवस-रात्रीची वेळ मेंदूतल्या घड्याळाला कळवणं.

आता यात एवढं काय? बघा, काही अंध व्यक्तींच्या डोळ्यांवर प्रखर उजेड टाकला की त्यांचं मेलॅटोनिन कमी होतं, हे १९९५ मध्येच दिसलं होतं. का, ते या प्रथिनामुळे उमगलं. म्हणजे दृष्टी गेलेला डोळा निरुपयोगीच, असं धरून चालत नाही. तो काढायचा असेल तर डॉक्टरांना झोपेचाही विचार करावा लागतो.

आडनाव कुलकर्णी असलं म्हणून आज कोणी गावचं दप्तर सांभाळत नाही. आडनावावरून घराणं कळतं. धंदा विचारावा लागतो. ऑप्सिनचंही तसंच. वंश क्रमावरून लावायचा आणि काम प्रयोग करून बघायचं. हे दोन रकाने वेगळेच ठेवावे लागतात.