व्रणावर रुजलेली वार

बाळ जन्मले की साधारण अर्ध्या तासात वार सुटते, गर्भाशय आकसते आणि रक्तस्राव आटोक्यात येतो. बहुतेक बाळंतपणांत हे इतके बिनबोभाट घडते की त्याची कोणी दखलही घेत नाही. पण काही स्त्रियांत वार सुटतच नाही. दिवस भरलेल्या गर्भाशयातून मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त खेळत असते. अशा वेळी चिकटलेली वार ओढून काढायला गेले तर काय होते, ते ज्याने एकदा पाहिले तो विसरत नाही. पुढची प्रकरणे या चिकटलेल्या वारेविषयी आहेत. ती विद्यार्थ्यांसाठी आहेत, परिचारिकांसाठी आहेत आणि पहिल्या सिझेरियनचा निर्णय घेणाऱ्या प्रत्येकासाठी तर आहेतच.

बोस्टनच्या आयर्व्हिंग आणि हर्टिग यांनी १९३७ साली या विकाराचे मर्म सांगितले. वार आणि गर्भाशयाचा स्नायू यांच्यामध्ये गरोदरपणात अस्तराचा एक मऊ थर तयार होतो आणि प्रसूतीनंतर वार त्याच थरातून सुटते. तो थर नसेल तर वारेचे तंतू थेट स्नायूला भिडतात. ती वरवर चिकटली तर अक्रीटा, स्नायूत खोल शिरली तर इन्क्रीटा आणि भिंत ओलांडून कधी मूत्राशयापर्यंत पोहोचली तर परक्रीटा. पाठ्यपुस्तकांत हे तीन कप्पे नीटनेटके दिसतात. शस्त्रक्रियेच्या टेबलावर एकाच वारेत तिन्ही सापडू शकतात.

हा थर नाहीसा होतो कशाने? फायब्रॉइड काढण्याची शस्त्रक्रिया, पुन्हा पुन्हा केलेले क्युरेटिंग, आयव्हीएफ, वाढलेले वय ही कारणे यादीत आहेत. पण यादी पाठ करून फारसे साधत नाही, कारण त्यांचे वजन सारखे नाही. सर्वांत भारी जोडी म्हणजे पूर्वीचे सिझेरियन आणि खाली आलेली वार. अमेरिकेतील सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली तीस हजारांवर सिझेरियनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वार गर्भाशयाच्या तोंडावर असलेल्या स्त्रियांत ती चिकटण्याचे प्रमाण पहिल्याच सिझेरियनच्या वेळी ३ टक्के होते. आधीचे एक सिझेरियन असेल तर ते ११, दोन असतील तर ४० आणि तीन असतील तर ६१ टक्के झाले. वार वर असेल तर मात्र हा धोका बराच कमी राहतो.

पूर्वी वाटे, वार आक्रमक होऊन स्नायूत घुसते. आता अनेक अभ्यासक दोष जमिनीला देतात: जुन्या व्रणाजागी अस्तर नाही, स्नायू विरळ आहे, आणि गर्भ नेमका तिथेच रुजला. मला हे मत अधिक पटते. त्यामुळे जबाबदारीही वारेवरून उठून आपल्या सुरीकडे येते.

आपल्याकडे हा प्रश्न दूरचा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशातील २१.५ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. खासगी रुग्णालयांत हे प्रमाण ४७.४ टक्के होते. त्यातली कित्येक सिझेरियन आई किंवा बाळ वाचवणारी असतात आणि त्यांना नावे ठेवण्याचा इथे हेतू नाही. पण निव्वळ सोयीसाठी, मुहूर्त साधण्यासाठी केलेल्या पहिल्या सिझेरियनची किंमत पुढच्या गरोदरपणात चुकवावी लागू शकते, हे घरच्यांना सांगितलेच जात नाही.

निदान आधी झाले तर चित्र पालटते. सोनोग्राफीत वारेतल्या वेड्यावाकड्या रक्तपोकळ्या आणि तिच्यामागची पुसलेली रेषा दिसली, तर साधारण ३४ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान, रक्तपेढी आणि अनुभवी पथक असलेल्या ठिकाणी प्रसूती ठरवता येते. अनेकदा वार न सोडवता तिच्यासकट पिशवी काढावी लागते. याची कल्पना त्या बाईला आधीच द्यायला हवी.

वाचकांना एकच विनंती: पूर्वी सिझेरियन झालेली गरोदर स्त्री तपासणीला आली, की वार कुठे आहे आणि ती व्रणावर आहे का, हे दोन प्रश्न सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने लिहा.