‘म्हणणे’ आणि ‘म्हणून’

बीडकडील शेतकरी ‘पाऊस येईल म्हणून कडबा झाकला’ असे सहज सांगतो, तेव्हा प्रत्यक्षात कोणी कोणास काही म्हटलेले नसते. उक्तिवाचक क्रियापदापासून हे कारणवाचक अव्यय कसे निपजले, हा प्रश्न केवळ व्युत्पत्तीने सुटणारा नव्हे.

व्युत्पत्ती तशी सरळ आहे. ऋग्वेदात दंत्य नकाराचा ‘भन्’ आढळतो. पुढे ‘भण्’ रूढ झाला आणि णकाराच्या सान्निध्याने भकार अनुनासिक होऊन मराठीत ‘म्हण’ सिद्ध झाला. गुजरातीत तोच धातू शिकण्याचा अर्थ देतो. ग्रीक ‘फेमी’ हे क्रियापदही याच कुळातील मानले जाते. ग्रीकांचे दुसरे क्रियापद ‘लेगो’ मुळात वेचणे, मोजणे या अर्थाचे. ते मागाहून सांगण्याकडे वळले. ‘फेमी’ मात्र प्रथमपासून बोलण्याचेच. प्लेटोच्या संवादांत ‘एफे’ हे त्याचे भूतकाळी रूप जे काम करते, तेच लीळाचरित्रात ‘म्हणितले’ करते.

परंतु ‘फेमी’पासून ग्रीकात ‘म्हणून’ झाले नाही. या कार्याचे साम्य शेजारी सापडते. कन्नड ‘एंदु’ व तेलुगू ‘अनि’ ही ‘म्हणणे’ या अर्थाच्या धातूंचीच पूर्वकालवाचक रूपे होत. म्हणून द्राविडी प्रभावाचा तर्क पुढे येतो. तो सावधपणेच स्वीकारावयास हवा. कारण संस्कृतात ‘इति’ हेच कार्य करी, आणि दूर नेपाळीतील ‘भनेर’ तर ‘भण्’चेच अपत्य आहे.

काळाविषयी अंबेजोगाईचा दाखला मोहात पाडतो. तेथे ज्यांची समाधी दाखवतात त्या मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ परंपरेने शके १११० (इ. स. ११८८) चा. पण त्याच्या उपलब्ध प्रतींची भाषा नकलकारांनी पुष्कळ अर्वाचीन केली असल्याने त्यातील रूपे बाराव्या शतकाची मानता येत नाहीत. शके १२१२ (इ. स. १२९०) च्या ज्ञानेश्वरीत मात्र ‘म्हणौनि’ कारणार्थी पूर्ण रुळलेले आहे.

बीड जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. मराठवाड्यातील दखनीत ‘म्हणून’च्या जागी ‘बोलके’ येते. उत्तरेकडील प्रमाण उर्दूत तेथे ‘कि’ किंवा ‘इसलिए’ लागते. धातू स्वतःचा, वाक्यरीती मात्र दक्षिणेतील शेजाऱ्यांची. शब्द उसना न घेता त्याचे काम तेवढे उसने घेतल्याचे याहून स्पष्ट उदाहरण या प्रदेशात क्वचितच मिळेल.