कापडाच्या चिंध्या आणि हॅलोवीनची कार्डे

शहरातल्या काही शाळांतून आता ३१ ऑक्टोबरला मुले भुताखेतांची सोंगे घेऊन येतात आणि वर्गात बसून भोपळ्याची, काळ्या मांजराची कार्डे करतात. ‘हे आपल्याकडे कशाला?’ असे कुणी विचारले तर मी त्याला वेड्यात काढणार नाही. पण रागवायचे असो की कौतुक करायचे असो, ही गोष्ट आली कुठून हे आधी पाहावे.

हॅलोवीन म्हणजे सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ. १ नोव्हेंबर संतांचा, २ नोव्हेंबर मृतांचा. वसईकडच्या आणि गोव्यातल्या ख्रिस्ती गावांत २ नोव्हेंबरला कबरींवर फुले वाहतात, मेणबत्त्या लावतात. ते तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. आयर्लंड-स्कॉटलंडमध्ये मात्र या रात्रीला सुगी संपण्याच्या जुन्या समजुती आणि भुते येऊन चिकटली. तिथली पोरे सलगम कोरून आत दिवा ठेवीत. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजत गेले, मोठा दुष्काळ पडला आणि लाखो माणसे अमेरिकेला गेली. तिकडे सलगमाच्या जागी भोपळा आला. तो मोठा, आणि कोरायलाही सोपा.

आता कार्डाचे. आपल्याला वाटते, आधी लोक हाताने कार्डे करीत असतील आणि मग छापखान्याने ती रीत बुडवली असेल. इथे क्रम उलटा दिसतो. या सणाचे कार्ड घरोघर नेले ते टपालखात्याने आणि छापखान्याने. पोस्टकार्ड जगात प्रथम निघाले १८६९ साली, ऑस्ट्रिया-हंगेरीत. आपल्याकडे पाव आण्याचे कार्ड १८७९ च्या जुलैत आले. अमेरिकेत खाजगी छापखान्याचे कार्डही एका सेंटात जाऊ लागले १८९८ पासून. त्याआधी त्याला दोन सेंट पडत. १९०७ पासून पत्त्याच्या बाजूला मजकूर लिहायची मुभा मिळाली आणि पुढची सबंध बाजू चित्राला मोकळी झाली. मग काय विचारता! एलन क्लॅपसॅडल नावाच्या चित्रकर्तीने काढलेली गुबगुबीत मुले आणि हसरे भोपळे घरोघर पोचले. उत्तम रंगीत छपाई होई ती बहुतेक जर्मनीत. १९१४ साली महायुद्ध पेटले आणि तो माल आटला.

गंमत अशी की मुलांच्या हाती कात्री आणि सुई दिली तीही जर्मनीनेच. फ्रीड्रिख फ्रोबेल या शिक्षकाने १८४० साली आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, हे नाव दिले. कागद कातरणे, घड्या घालणे, भोके पाडलेल्या पुठ्ठ्यातून रंगीत दोरा ओवणे हाच तिथला अभ्यास. यात नास्तिकपणा आणि समाजवाद शिकवतात असा प्रशियाच्या सरकारला संशय आला आणि १८५१ साली त्याने या शाळांवर बंदी घातली. (कात्री-दोऱ्याला भिणारे सरकार!) बंदी उठली १८६० साली, पण ते पाहायला फ्रोबेल उरला नव्हता, तो १८५२ सालीच वारला. दरम्यान मार्गारेट शुर्त्झ या जर्मन बाईने १८५६ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउन गावी, स्वतःच्या घरात, आपल्या मुलीसाठी आणि नात्यातल्या चार पोरांसाठी तशी शाळा काढलीसुद्धा.

आणि चिंध्या? त्या बायकांच्या गाठोड्यातल्या. आपल्या गोधडीसारखीच अमेरिकेतही ठिगळांची पांघरुणे शिवत. १८८० च्या सुमारास तर रेशीम-मखमलीचे वेडेवाकडे तुकडे जोडून शिवायचे इतके खूळ आले की रेशमाचे कारखानदार चिंध्यांची पाकिटे विकू लागले. चिंध्या, आणि त्याही विकत! माझी आजी ऐकती तर हसून लोळली असती.

तेव्हा शिक्षकहो, वर्गात करायचेच असेल तर विकतचे सामान आणवू नका. शिंप्याकडच्या कतरणी पुरेत. भगव्या तुकड्याचा भोपळा, काळ्याचे मांजर, मांजरपाटाचे पांढरे भूत. याच सुमारास दिवाळी येते. तुम्हांला भूत नको असेल तर त्याच कतरणीतून पणती आणि आकाशकंदील कापा, मुलांना दोन्ही सारखेच प्रिय. चित्र शिक्षकांनी कापून द्यायचे आणि मुलांनी नुसते चिकटवायचे, हा प्रकार मात्र मला मुळीच पसंत नाही. मुलाने कापलेल्या भोपळ्याला एक डोळा मोठा आणि एक बारीक असेल, असू द्या.

एक अडचण येते ती सांगून ठेवतो. कापड कातरले की कडेचे दोरे सुटतात आणि मूल रडकुंडीला येते. म्हणून तुकड्याच्या मागे आदल्या दिवशी पातळ खळ फासून तो उन्हात कडक वाळवावा, मग कातरावा. दोरे सुटत नाहीत. चिकटवायला खळ घट्टच घ्यावी, नाहीतर ओल वरपर्यंत येऊन डाग पडतो. आणि कार्डे रात्रभर जाड वह्यांच्या चळतीखाली ठेवावीत, म्हणजे सकाळी ती वाकडी झालेली नसतात.