बाटलीतील मद्याचा रंग का बदलतो?

ऊर्ध्वपातनानंतर मिळणारी ताजी व्हिस्की पाण्यासारखी रंगहीन असते. तिला सोनेरी किंवा तांबूस छटा येते ती ओकच्या पिंपांमुळे. स्कॉच व्हिस्की अशा पिंपात किमान ३ वर्षे मुरवणे बंधनकारक आहे. रंग एकसारखा राहावा म्हणून तीत साधे कॅरॅमल मिसळण्यासही कायद्याने मुभा आहे. त्यामुळे गडद रंग म्हणजे अधिक वय, हा समज बरोबर नाही.

बाटलीत भरल्यावर मुरण्याची क्रिया थांबते. १२ वर्षांची व्हिस्की पुढे २० वर्षे कपाटात राहिली, तरी ती १२ वर्षांचीच मानली जाते. रंग मात्र कायम राहीलच असे नाही.

रंगाचा मुख्य शत्रू म्हणजे ऊन. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांमुळे रंगद्रव्यांचे विघटन होते. पारदर्शक बाटलीतील व्हिस्की हळूहळू फिकी पडते आणि तिची चवही बिघडते. ॲब्सिंथ या मद्यात हा बदल अधिक ठळक दिसतो. त्याचा हिरवा रंग वनौषधींतील हरितद्रव्याचा असतो. प्रकाशाने व काळानुसार तो पिवळसर तपकिरी होतो. फ्रेंच भाषेत या छटेला ‘वाळलेले पान’ अशा अर्थाचे नाव आहे.

उष्णतेने रासायनिक क्रिया वेगावतात. बूच सैल पडल्यास मद्यार्काची वाफ होते, बाटलीत हवा शिरते आणि ऑक्सिडीकरण सुरू होते. याउलट, थंड करून न गाळलेली, सुमारे ४६ टक्क्यांहून कमी मद्यार्काची व्हिस्की थंडीत धूसर दिसू शकते. हा दोष नव्हे. ऊब मिळताच ती पुन्हा नितळ होते.

अंधार व थंडीचे महत्त्व एका मोहिमेने दाखवून दिले. अर्नेस्ट शॅकल्टन यांच्या १९०७-०९ मधील अंटार्क्टिका मोहिमेतील ‘मॅकिन्ले’ व्हिस्कीची एक पेटी २०१० मध्ये त्यांच्या झोपडीखालील बर्फातून बाहेर काढण्यात आली. २०११ मध्ये स्कॉटलंडमध्ये झालेल्या तपासणीत ही फिकट सोनेरी व्हिस्की सुस्थितीत आढळली. तीत ४७.३ टक्के मद्यार्क शिल्लक होता.

म्हणूनच उन्हात येणारे काचेचे कपाट शोभेचे असले, तरी साठवणुकीसाठी घातक ठरते. बाटली अंधाऱ्या, थंड जागी ठेवावी. ती आडवी ठेवू नये, कारण तीव्र मद्यार्काने बूच खराब होते.