नेम कुणाचा?

नेम चुकला तर दोष कुणाचा? नेमबाजाचा, वाऱ्याचा की बंदुकीचा? १८५०च्या दशकात मँचेस्टरचे यंत्रनिर्माते जोसेफ व्हिटवर्थ यांनी हे घटक वेगळे करायचे ठरवले. वारा टाळण्यासाठी त्यांनी ५०० यार्ड लांबीचे बंदिस्त दालन बांधले. आत ठिकठिकाणी पातळ कागदाचे पडदे टांगले. पडद्यांवरच्या भोकांवरून गोळीचा मार्ग कळे.

त्यांच्या रायफलीची नळी आतून षटकोनी होती. तिचा पीळ २० इंचांत एक फेरा पूर्ण करी. सैन्याच्या एन्फील्ड रायफलीत त्याला ७८ इंच लागत. १८५७ साली हाइथ येथे दोन्हींची तुलना झाली. अनेक गोळ्या झाडून त्यांचे सरासरी विचलन काढले. ५०० यार्डांवर ते एन्फील्डचे २.२४ फूट, तर व्हिटवर्थचे ०.३७ फूट भरले.

१८६० साली विंबल्डनला टेकूवर पक्क्या बसवलेल्या व्हिटवर्थ रायफलीची दोरी ओढून राणी व्हिक्टोरियाने ४०० यार्डांवरचे लक्ष्य टिपले. पण एक गोळी म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा होता तो हाइथच्या सरासरीत. तरीही सैन्याने ही रायफल सर्रास स्वीकारली नाही. ती महाग होती आणि तिच्या अरुंद नळीत दारूची काजळी लवकर साचे. अचूकता हा एक गुण झाला. उपयुक्ततेची परीक्षा त्याहून मोठी असते.