रंध्याच्या कड्यावरची शिंदळ माकुडी

आज लढाई नाही, तह नाही. आज एका छोट्या वनस्पतीचा इतिहास.

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, प्रवरेवर रंधा धबधबा आहे. भंडारदऱ्याला जाताना मी तिथं कितीदा थांबलोय, पण फोटो काढले ते फक्त पाण्याचे. तिथल्या कड्यांवर शिंदळ माकुडी नावाची अतिदुर्मिळ वनस्पती राहते, हे मला पुण्यात नोकरीला लागल्यावर कळलं.

दिसायला ती कॅक्टससारखी, पण कॅक्टस नाही. बांधावरचा फड्या निवडुंग खरा कॅक्टस, आणि तो अमेरिकेतून आलेला पाहुणा. माकुडी इथलीच, आपल्या रुईच्या कुळातली. महाराष्ट्राबाहेर ती कुठंच आपणहून उगवत नाही. उन्हाळ्यात पानं गाळून नुसत्या मांसल खोडावर तग धरते. पावसाळ्यात पानं फुटतात, मग पिवळ्या ठिपक्यांची किरमिजी चांदणी फुलते.

1860 च्या दशकात निकोल डाल्झेल हा मुंबई इलाख्यातला वनाधिकारी होता. 1861 मध्ये अलेक्झांडर गिब्सनसोबत त्याचं 'बॉम्बे फ्लोरा' आलं. त्यानंतर लवकरच त्यानं जुन्नरजवळच्या हिवऱ्याची ही वनस्पती शास्त्रीय जगापुढं मांडली. नाव दिलं 'फ्रेरिया इंडिका', तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून. पुढं शास्त्रज्ञांनी तिचा गट बदलला, आज ती 'बुसेरोसिया फ्रेरी' आहे. म्हणजे 'इंडिका' गेलं, गव्हर्नरसाहेब राहिले!

नंतर ती शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड अशा ठिकाणीही सापडली. सगळ्या उभ्या कड्यांच्या जागा. गुरांचं तोंड आणि माणसाचा हात जिथं पोचत नाही, तिथंच ती उरली. आययूसीएननं एकेकाळी तिला जगातल्या सर्वाधिक धोक्यातल्या 12 वनस्पतींत धरलं होतं. दरड, वणवा, चराई आणि हौशी लोकांची ओरबाड हे तिचे शत्रू.

तुम्ही म्हणाल, फांदी लावली की ती कुंडीत येते, मग काळजी कसली? पण फांदीपासून केलेली शंभर रोपं म्हणजे एकाच फाइलच्या शंभर कॉपी. प्रत्येक कड्यावरची माकुडी वेगळी, तिचा बॅकअप कुणाकडं नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या की लार्गो बेटावर एका झाडासारख्या कॅक्टसचा एकच नैसर्गिक समूह होता. खारं पाणी वाढत गेलं, आणि 2023 मध्ये उरलेलं सगळं उचलून रोपवाटिकेत न्यावं लागलं. प्रजाती वाचली, पण तिथलं घर गेलं.

आता माझी चूक. गेल्या सप्टेंबरात एका कड्यावर मला माकुडी फुललेली दिसली. आनंदाच्या भरात फोटो इन्स्टावर टाकला, लोकेशनसकट. तासाभरात तिघांचे मेसेज: "कुठं मिळेल? कुंडीत लावायचीय." मी पोस्ट काढून टाकली. दिवसभर लोकांचा डेटा सांभाळायचं काम करणारा मी, आणि एका मुक्या जिवाचा पत्ता चव्हाट्यावर मांडून बसलो होतो. त्या तासात किती जणांनी स्क्रीनशॉट घेतला, माहीत नाही.

रंध्याचं नाव अभ्यासकांच्या लेखनात आहेच, ते लपवण्यात अर्थ नाही. पण नेमका कडा, नेमकी कपार सांगू नका. फूल दिसलं तर लांबून बघा, फोटो काढा, पोस्ट करताना लोकेशन बंद ठेवा. 160 वर्षं तिला कड्यानं सांभाळलं. आता कड्यापर्यंतचा मॅप आपल्या खिशात आहे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!